छातीतील बदलाचे ठाणे

कल्याणहून कर्जतकडे जाताना वाटेत बदलापूर लागते. जुन्या काळी लांबच्या मजलेवर निघालेले स्वार येथे थकलेले घोडे सोडून ताजे घेत, म्हणून गावाला हे नाव पडले असे लोक सांगतात. तसेच एक बदलाचे ठाणे आपल्या प्रत्येकाच्या छातीत आहे. तेथे घोड्यांऐवजी वायू बदलतात. अंगभर फिरून आलेले रक्त कार्बन डायऑक्साइड टाकते आणि प्राणवायू घेऊन पुढे निघते. ही देवघेव कशी होते, ते आज पाहू.

नाकावाटे घेतलेली हवा श्वासनलिकेतून, तिच्या फांद्यांतून आणि डहाळ्यांतून अखेर अगदी बारीक फुग्यांत पोचते. त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते 30 ते 50 कोटी असतात. सगळे उलगडून पसरले, तर सुमारे 70 चौरस मीटर जागा व्यापतील. शाळेचा नेहमीचा वर्गही त्यापुढे लहान! प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा केवढा जाड म्हणाल, तर एका मिलिमीटरचे दोन हजार भाग करावे आणि त्यातला एक घ्यावा.

मग वायूला या पडद्यातून कोण ढकलते? कोणीच नाही. छातीचा भाता हवा आत-बाहेर करतो. पडद्यापाशी त्याचे काम संपते. बारवी धरणाचे पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे जाते, तसा प्रत्येक वायू त्याचा स्वतःचा दाब जेथे अधिक तेथून जेथे कमी तेथे जातो. यालाच विसरण म्हणतात. विहिरीत टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा शिक्षकांनी पेलाभर स्थिर पाण्यात सोडावा. न ढवळता रंग हळूहळू सगळीकडे पसरताना मुलांना दिसेल.

आता आकडे पाहा. पाऱ्याच्या मापाने वायुकोशात प्राणवायूचा दाब सुमारे 100 मिलिमीटर, तर परतून आलेल्या रक्तात 40. म्हणून प्राणवायू रक्तात उतरतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात 46 च्या आसपास आणि वायुकोशात 40. म्हणून तो उलट वाटेने बाहेर येतो. फरक थोडा, तरी त्याचे अडत नाही, कारण ओल्या पडद्यातून तो प्राणवायूच्या सुमारे वीसपट सहज पार होतो. विश्रांती घेत असताना रक्तातली तांबडी पेशी या ठाण्यावरून पाऊण सेकंदात जाते, पण पाव सेकंदातच तिचा माल भरतो. उरलेला वेळ ही शिल्लक. धावताना किंवा चढ चढताना ती कामी येते.

परंतु या ठाण्यावर पहारेकरी नाही. जे हवेत असेल, ते पडद्यापर्यंत पोचते. 3 जून 2021 च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून वायुगळती झाली आणि आसपासच्या लोकांना श्वास घेणे जड झाले. असे झोंबणारे वायू पडद्यालाच इजा करतात. तो सुजतो, वायुकोशात पाणी झिरपते आणि प्राणवायूची वाट लांबते. ही सूज कधीकधी काही तासांनी वाढते. म्हणून खोकला थांबला तरी डॉक्टरांना दाखवावेच.

दुसरा शत्रू घरातला. बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत ठेवली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. तो पडदा मुकाट्याने ओलांडतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. घोडे ताजे असून काय उपयोग, खोगिरावर भलताच स्वार बसलेला!

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. शेगडी पेटती ठेवून दारे लावून झोपू नका. अशा खोलीत कोणाला गुंगी आली, तर दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत न्या आणि 108 क्रमांकावर फोन करा. कारखान्यातून वायू सुटला, तर वाऱ्याबरोबर पळू नका. वाऱ्याला आडवे होऊन दूर जा. बाहेर पडणे शक्य नसेल, तर दारे-खिडक्या लावून घ्या. श्वास थोपवता येत नाही, पण तो कुठल्या हवेत घ्यायचा, एवढे पुष्कळदा आपल्या हाती असते.