हिमवादळापूर्वीचे घर

अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडणे ही हिवाळ्यातली नित्याची बाब असली, तरी तेथील राष्ट्रीय हवामान सेवा प्रत्येक हिमवर्षावाला ‘ब्लिझर्ड’ म्हणत नाही. ताशी सुमारे ५६ किलोमीटर वा त्याहून वेगाचे वारे वाहत असतील, पडणाऱ्या किंवा उडणाऱ्या बर्फामुळे ४०० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले असेल आणि ही स्थिती किमान ३ तास टिकणार असेल, तरच हा शब्द वापरला जातो. बर्फाच्या थराची जाडी या व्याख्येत कुठेच नाही, आणि ते योग्यच आहे, कारण घर संकटात येते ते अनेकदा वाऱ्याने वीजतारा तुटल्यामुळे. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराला असे वादळ सुमारे ३७ तास झोडपत राहिले, तेव्हा तेथे व परिसरात ४० हून अधिक माणसे दगावली. त्यांतील काही अडकून पडलेल्या मोटारींत होती, तर काही स्वतःच्याच गारठलेल्या घरांत.

घराला ऊब देणारी फर्नेस, म्हणजे बहुधा तळघरात बसवलेली भट्टी, पुष्कळ ठिकाणी नैसर्गिक वायूवर चालत असल्याने वीज गेली तरी ऊब राहील असा नवख्यांचा समज होतो. परंतु तापलेली हवा खोल्याखोल्यांत ढकलणारा पंखा विजेवरच फिरतो, त्यामुळे वायू असूनही भट्टी बंद पडते. घर थंडावत गेले की पाळी येते पाण्याच्या पाइपांची. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बर्फाचा गठ्ठा व बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जाऊन पाइप फुटतो. मात्र ते उघडकीस येते बर्फ वितळून छतातून पाणी ठिबकू लागल्यावर. म्हणून बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालील कपाटाची दारे उघडी ठेवून खोलीतील ऊब आत जाऊ द्यावी, तोटी बारीक धारेने वाहती ठेवावी आणि घराचा मुख्य पाणीपुरवठा तोडणारी झडप कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला अंधारातही सापडेल इतके ठाऊक असावे.

ऊब गेल्यावर माणसे जे उपाय करतात, ते कित्येकदा थंडीपेक्षा घातक ठरतात. कोळशाची शेगडी घरात पेटवणे किंवा जनरेटर गॅरेजमध्ये चालवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या रंग व वास नसलेल्या विषारी वायूला घरात घेणे होय. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर दूर, उघड्यावरच हवा, आणि या वायूची सूचना देणारे यंत्र बॅटरीवर चालणारे हवे.

अन्नाची चिंता त्या मानाने सोपी, जरी वादळाचा इशारा येताच दुकानांतील पाव, दूध आणि अंडी आधी संपत असली तरी. माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर या हिशेबाने निदान ३ दिवसांचे पाणी आणि नेहमीची औषधे घरात असली, की न्यू जर्सी वा बॉस्टनच्या मराठी घराला चूल न पेटवता खाता येणारे दहीपोहे, कुरमुरे, चिवडा आणि लाडू मदतीला येतात. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडल्यास सुमारे ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रिजची मुदत जेमतेम ४ तासांची.

फावडे मागच्या अंगणातील शेडमध्ये नव्हे, घरातच ठेवावे, कारण शेडचे दारच बर्फाखाली गेलेले असू शकते. बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले साधे मीठ उणे ९ अंश सेल्सियसच्या खाली फारसे काम करत नाही, तेथे कॅल्शियम क्लोराइड लागते. ओला बर्फ उपसण्याचे श्रम हृदयावर एकदम ताण आणतात, तेव्हा काम थोडेथोडे करावे. परंतु त्यातही क्रम महत्त्वाचा आहे. नव्या प्रकारच्या भट्टीत हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या बाजूच्या भिंतीतून, कधीकधी जमिनीपासून हात-दीड हातावर बाहेर निघतात आणि वाऱ्याने साचलेला ढीग त्या बुजवून टाकतो. म्हणून वादळ सुरू होण्याआधीच त्यांची जागा पाहून शेजारी उंच काठी रोवून ठेवावी, आणि पहिले फावडे मोटारीभोवती न चालवता त्या काठीपाशी चालवावे.