शेवाळाची कॅप्सूल, शेवाळाचं औषध

मस्कतजवळच्या अल हैलच्या किनाऱ्यावर हिवाळा सरता सरता समुद्र कधी कधी हिरवागार होतो. रात्री लाट फुटली की त्याच पाण्यात निळसर उजेड उमटतो. ही करणी नॉक्टिलुका या सूक्ष्मजीवाची. त्याला रंग देणारं शेवाळ त्याच्या पोटातच नांदत असतं. कर्करोगाच्या संशोधकांना हवं असलेलं शेवाळ मात्र इथून सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला, धोफारच्या मिरबातकडे मिळतं.

कोकणात पाऊस आणणारा नैर्ऋत्य वाराच धोफारच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दूर लोटतो आणि तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं. कोकणातल्या पावसाळ्याच्या त्या दिवसांत तिथला समुद्र २० अंशांच्या खाली उतरतो. त्या गारव्यात निझामुद्दिनिया झनार्डिनी हे तपकिरी शेवाळ फोफावतं. यातलं पहिलं नाव कराचीच्या एका शेवाळतज्ज्ञावरून पडलेलं. हेच शेवाळ समोरच्या इराणी किनाऱ्यावरही उगवतं आणि इराणी-कोरियन संशोधकांनी त्यातलं फ्युकॉइडन वेगळं काढून तपासलं आहे. फ्युकॉइडन म्हणजे गंधकयुक्त साखरांची लांब साखळी. तपकिरी शेवाळाच्या बुळबुळीतपणात तिचा वाटा असतो. स्वीडनच्या हाराल्ड किलिन यांनी ती १९१३ मध्येच शोधली होती.

कर्करोगाची गाठ आपल्याच पेशींची असल्यामुळे प्रतिकारयंत्रणा अनेकदा तिला घरचं माणूस समजून सोडून देते. शेवाळातल्या अशा काही साखळ्या मात्र जंतूंच्या आवरणासारख्या वाटतात. भक्षक पेशींवरचे संवेदक त्यांना ओळखतात, त्या पेशी इशाऱ्याची रसायनं सोडतात आणि मारक पेशी जाग्या होतात. काचपात्रात हे छान दिसतं, उंदरांतही बऱ्याचदा दिसतं. पण तोंडाने घेतलेली एवढी मोठी साखळी आतड्यातून रक्तात किती पोचते, हा प्रश्न शेवाळाच्या कॅप्सूलच्या डबीवर कुणी छापत नाही.

शेवाळाचा खरा पराक्रम दुसरीकडेच घडला. १९७२ मध्ये मॉरिशसजवळच्या समुद्रातून डोलाबेला नावाच्या, गोगलगायीच्या कुळातल्या प्राण्याचे नमुने गोळा झाले. अमेरिकेच्या ॲरिझोनातले जॉर्ज पेटिट १९८७ पर्यंत चिकाटीने झगडले, तेव्हा कुठे ढीगभर प्राण्यांतून काही मिलिग्रॅम डोलास्टॅटिन-१० हाती लागलं. पुढे २००१ मध्ये तेच द्रव्य थेट नील-हरित शेवाळात सापडलं. म्हणजे हा प्राणी ते शेवाळ खाऊनच विष साठवत होता! (काटेकोर बोलायचं तर नील-हरित शेवाळ हे जिवाणूच.) माणसांवरच्या चाचण्यांत मूळ द्रव्य फसलं. मग त्याच्या धर्तीवर घडवलेला रेणू प्रतिपिंडाला जोडून थेट गाठीच्या पेशीपर्यंत पोचवण्यात आला. असं पहिलं औषध, ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन, २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

आता प्रतिकारशक्तीचा धागा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की या जातीची विषं गाठीच्या पेशी मारतातच, शिवाय डेन्ड्रायटिक पेशींनाही चेतवतात. मेलेल्या पेशींचे तुकडे दाखवून टी-पेशींना शत्रू ओळखायला शिकवण्याचं काम याच पेशींचं. मूत्राशयाच्या व मूत्रमार्गाच्या पसरलेल्या कर्करोगावर असंच एक औषध, एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन, प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर ८८६ रुग्णांच्या चाचणीत वापरलं गेलं. नेहमीच्या केमोवरच्या गटात मध्यक आयुर्मान १६.१ महिने होतं, या जोडीच्या गटात ते ३१.५ महिने भरलं. यातलं किती श्रेय टी-पेशींच्या शिकवणीचं आणि किती थेट विषाचं, हे अजून सुटं करता आलेलं नाही. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेने ही जोडी पहिल्या उपचारासाठी मान्य केली.

एवढ्या प्रवासातून गेलेला रेणू आणि दुकानातली स्पिरुलिना शेवाळाची पावडर यांना एकाच पंगतीत बसवणं मला तरी पटत नाही. फ्युकॉइडन रक्त पातळ करू शकतं आणि तपकिरी शेवाळात आयोडीन भरपूर असतं. घरात कुणाचे उपचार चालू असतील आणि कुणी प्रेमाने अशी डबी आणून दिली असेल, तर शस्त्रक्रियेच्या किंवा केमोच्या आधी ती कर्करोगतज्ज्ञांना दाखवा.