घरचा संगणक आणि व्हायरसची बाधा

शाळेच्या नव्या वर्षाचीं पुस्तकें घेण्याचे दिवस आले म्हणजे पालकमंडळी आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात: "मुलांसाठीं संगणक घ्यावयाचा आहे, व्हायरस लागत नाहीं असा कोणता?" शेजारीं उभे असलेले दुसरे गृहस्थ लगेच म्हणतात, "मॅक घ्या, त्याला कांहीं होत नाहीं." तिसऱ्यांच्या मतें लिनक्स फुकट मिळतें व शिवाय अभेद्य आहे, आणि विंडोजचें नांव निघतांच सगळेच मान हालवितात. या मतांत थोडथोडें तथ्य आहे. परंतु तेवढ्यावर विसंबून राहणारे लोक फसतात, असें आमच्या पाहण्यांत आल्यामुळें या विषयाचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

व्हायरस म्हणजे जंतु नव्हे. हिशेब करणाऱ्या किंवा चित्र दाखविणाऱ्या प्रोग्रॅमसारखाच तोहि एक प्रोग्रॅम होय. भेद एवढाच कीं, तो मालकाच्या नकळत, पण मालकाच्याच अधिकारानें, दुसऱ्याचें काम करितो. आमच्या नाशकांतील जुने वाडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ही गोष्ट समजावयास कठीण नाहीं. वाड्याला मोठा दरवाजा असे व त्या दरवाजाच्याच एका फळींत लहानशी दिंडी. रात्रीं दरवाजाला अडसर पडला म्हणजे येणाऱ्यानें दिंडींतून वांकून, एकेकट्यानें आंत यावें. आंत पुनः प्रत्येक बिऱ्हाडाचें कुलूप निराळें. चोर शिरलाच तर तो एका खोलींतच अडकावा. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ व्यवस्था, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तिची पारख याच दृष्टीनें करावी. तिला दिंडी आहे काय, आणि बिऱ्हाडांना कुलपें आहेत काय?

विंडोज ९८ ला हीं दोन्ही नव्हतीं. २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्स्पीमध्यें कुलपें होतीं, पण घरगुती उपयोगांत पहिल्याच माणसाच्या हातीं सगळ्या किल्ल्यांचा जुडगा देऊन टाकीत. अर्थात् त्यानें उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या हातीं तो जुडगा जाई. २००३ सालीं ब्लास्टर नांवाचा व्हायरस तर कोणीं कांहीं न उघडतां केवळ इंटरनेटच्या वाटेनें आपण होऊन आंत शिरला. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनीं जानेवारी २००२ मध्येंच आपल्या कर्मचाऱ्यांस लिहून, नव्या सोयींपेक्षां सुरक्षिततेस अग्रस्थान द्यावें असें बजाविलें होतें. फळें दिसावयास मात्र वेळ लागला. २००४ मध्यें फायरवॉल आपोआप चालूं राहूं लागली. व्हिस्टापासून मोठा फेरफार करण्यापूर्वीं मालकाची परवानगी विचारण्याची पद्धति आली. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पहारेकरी अंगचाच मिळूं लागला. आजचें विंडोज दुबळें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

मग सर्वांत अधिक हल्ले त्यावरच कां होतात? निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागाईतदारांस हें आम्ही सांगावयास नको. एकाच जातीच्या बागा लागून लागून असल्या म्हणजे भुरी एकींतून दुसरींत सहज पसरते. परसांत एकटाच वेल असला तर तो पुष्कळदां सुटून जातो. घरगुती संगणकांत विंडोजची लागवड सर्वांत मोठी आहे, म्हणून चोरहि आपली मेहनत तेथेंच खर्च करितो. मॅक व लिनक्स यांच्या सुरक्षिततेंतील कांहीं भाग त्यांच्या बांधणीचा आहे, आणि कांहीं भाग केवळ परसांतल्या वेलाचा आहे.

मॅकवाल्यांनीं इतिहासहि विसरूं नये. घरगुती संगणकांत पसरलेला पहिला प्रसिद्ध व्हायरस 'एल्क क्लोनर' हा ॲपलच्याच यंत्रावर, १९८२ सालीं उत्पन्न झाला, आणि तो लिहिणारा रिच स्क्रेंटा हा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता! आयबीएमच्या पद्धतीच्या संगणकांस लागणारा 'ब्रेन' हा १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं लिहिला. आपल्या वैद्यकीय प्रोग्रॅमची चोरी होऊं नये म्हणून तो केला असें त्यांचें म्हणणें. त्यांत त्यांनीं स्वतःचा पत्ता व टेलिफोन नंबरहि घालून ठेविला होता. पुढें आपल्या पुण्यांतहि दोन भाऊ या क्षेत्रांत उतरले, पण उलट बाजूनें. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधु संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं व्हायरस काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यांतूनच १९९० नंतरच्या दशकांत 'क्विक हील' हें नांव घरोघरीं गेलें.

आजच्या मॅकची बांधणी मजबूत आहे यांत शंका नाहीं. २०१२ पासून त्यांत अनोळखी प्रोग्रॅमला दारांतच हटकणारा गेटकीपर आहे, व २०१५ पासून मूळ पायाच्या फायलींना खुद्द मालकालाहि सहजासहजीं हात लावतां येत नाहीं. तरीहि २०१२ मध्येंच 'फ्लॅशबॅक' नें सहा लाखांहून अधिक मॅक ग्रासले. भिंतीला जें भगदाड होतें तें जावा नांवाच्या एका जोड-व्यवस्थेंतलें. जावाच्या कर्त्यांनीं तें फेब्रुवारींत बुजविलें होतें. मॅकसाठीं तीच दुरुस्ति एप्रिलमध्यें पोंचली. मधल्या दिवसांत चोरांचें काम झालें.

हे जे मधले दिवस, त्यांकडे आम्ही वाचकांचें लक्ष विशेष वेधूं इच्छितों. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नें जगभर हाहाकार केला. लोकांच्या फायली कुलपांत घालून तो किल्लीसाठीं खंडणी मागे. मुलांचे लहानपणींचे फोटो, कारखानदारांचे हिशेब, कशाचीहि पर्वा त्याला नव्हती. पण ज्या भगदाडांतून तो शिरला त्याची दुरुस्ति मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच पाठविली होती! बाधा झालेल्या यंत्रांपैकीं बहुतेक विंडोज ७ चीं होतीं, म्हणजे त्यांस ती दुरुस्ति मिळण्यासारखी होती. "मागाहून करूं" म्हणून ती राहून गेलेली. शेजारच्या घरचें तेंच विंडोज, तीच आवृत्ति, पण दुरुस्ति बसविलेली, सुखरूप राहिलें. त्याच वर्षीं २७ जूनला तेंच भगदाड व इतर वाटा वापरून 'नॉटपेट्या' पसरला, आणि न्हावाशेवा बंदरांतील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचें काम ठप्प झालें. नाशिकचीं द्राक्षें याच बंदरांतून युरोपांत जातात. हंगाम आटोपून गेला होता, एवढेंच आपलें दैव.

लिनक्सविषयीं आमचें मत चांगलें आहे. त्यांत साधा माणूस मालकाच्या किल्ल्या घेऊन हिंडत नाहीं. आणि बहुतेक प्रोग्रॅम आडबाजूच्या संकेतस्थळांवरून न आणतां, सहीशिक्क्यानिशीं तपासलेल्या एकाच कोठारांतून येतात. तथापि कोठारांतच भेसळ झाली तर? मार्च २०२४ मध्यें तसें व्हावयाचें थोडक्यांत टळलें. 'एक्सझी' नांवाच्या एका साध्या, फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करीत कोणी एकानें दोन अडीच वर्षें विश्वास संपादन केला व अखेर त्यांत चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रांत शिरावयास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें, आणि तेवढ्याशा विलंबाचा पाठपुरावा करून त्यानें ती वाट उघडकीस आणिली. तो मायक्रोसॉफ्टचा नोकर होता, ही गंमत पक्षाभिमान्यांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. क्रोमबुक या यंत्राविषयीं एवढेंच सांगतों कीं, तें सुरू होतांना दर वेळीं आपला पाया स्वतःच तपासून पाहतें. शाळकरी मुलाला तें पुरेसें आहे, फक्त त्याच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार तें विकत घेण्यापूर्वीं पाहावें.

आतां खरा धोका. गेल्या दोन तीन वर्षांत मोबाइलवर लग्नपत्रिका येऊं लागल्या आहेत. पत्रिका ओळखीच्या नंबरावरूनच येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन चोरांनीं आधींच ताब्यांत घेतलेला असतो. फाईलच्या नांवाचा शेवट 'एपीके' असा असतो. म्हणजे ती पत्रिका नसून अँड्रॉइडचा प्रोग्रॅम असतो. कधीं ती वाहतुकीच्या दंडाची पावती होऊन येते. वास्तविक अँड्रॉइडची रचना वाईट नाहीं. प्रत्येक ॲपला वेगळी खोली, वेगळें कुलूप. परंतु बाहेरून आणलेला प्रोग्रॅम बसवावयाची मुभा तो मालकास देतो. आयफोन आपल्याकडे ती देत नाहीं, म्हणून हा प्रकार त्यावर चालत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं अशी पत्रिका उघडली. अनोळखी ठिकाणचा प्रोग्रॅम आहे, बसवूं कां? म्हणून फोननें विचारलें. त्यांनीं होय म्हटलें. संदेश वाचण्याची परवानगी मागितली, तीहि दिली. बँकेचा ओटीपी संदेशांतूनच येतो. मुलीच्या शिक्षणासाठीं ठेविलेली रक्कम रात्रींतून गेली, आणि १९३० या सरकारी मदत-क्रमांकावर फोन करावयाचा हें त्यांस तिसऱ्या दिवशीं कळलें. तें पहिल्याच तासांत करावयाचें असतें. पैसे पुढें सरकण्याआधीं अडविण्याची आशा तेव्हांच असते.

परवां एक पालक असेच सल्ला विचारावयास आले. घरीं जुना संगणक, त्यावर विंडोज १०. त्याच्या दुरुस्त्यांचा नेहमींचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही चिप त्या यंत्रांत नव्हती. नव्यासाठीं त्यांनीं पैसे जमविले होते. आम्हीं त्यांस त्याच यंत्रावर लिनक्स घालावयास सांगितलें, मुलाचें खातें वेगळें करून किल्लीचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवावयास सांगितलें, व महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटांत ठेवावी, संगणकाला जोडून ठेवूं नये, असें बजाविलें. मग त्यांचा फोन पाहावयास मागितला. त्याला शेवटची दुरुस्ति तीन वर्षांपूर्वीं मिळालेली, आणि घराची सारी बँक त्यांतच. जमविलेले पैसे फोनवर खर्च करा, असें आम्हीं सांगितलें. गृहस्थांस तें पटलें. चिरंजीवांस पटलेलें दिसलें नाहीं. त्यांचा आवडता खेळ लिनक्सवर चालत नाहीं म्हणे.