शहराच्या वेशीवरचा धुराचा हिशेब

शहापूर आणि मुरबाड येथील किराणा, कापड, हार्डवेअर व भाताच्या व्यापाराची नाळ कल्याण, भिवंडी आणि मुंबईशी जोडलेली आहे. दुकान गावात असले, तरी माल आणणारी पिकअप आठवड्यातून दोन-तीनदा महानगरात जातेच. म्हणूनच अनेक मोठ्या शहरांनी स्वीकारलेली ‘कमी उत्सर्जन क्षेत्र’ ही व्यवस्था येथील व्यापारी कुटुंबांनी समजून घेणे हिताचे ठरेल.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. शहापूरहून भिवंडीकडे जाताना पडघ्याजवळ भरावा लागतो तो टोल, म्हणजे रस्त्याच्या वापराचे मोल. तो वाहनाच्या आकारमानानुसार ठरतो. नवी आणि जुनी गाडी त्यास सारखीच. कमी उत्सर्जन क्षेत्राचे शुल्क मात्र इंजिन किती धूर सोडते यावरून ठरते. स्वच्छ गाडीला ते माफ असते, जुन्या गाडीला भरावे लागते. मालक कोठे राहतो, याला तेथे काहीच महत्त्व नसते.

या व्यवस्थेचे परिचित उदाहरण म्हणजे लंडन. तेथे २००८ साली प्रथम मालमोटारींसाठी नियम आले. ८ एप्रिल २०१९ पासून मध्य लंडनमध्ये मोटारी, दुचाकी व लहान मालवाहू गाड्यांसाठीही अधिक कडक क्षेत्र लागू झाले आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी त्याची हद्द संपूर्ण लंडनपर्यंत वाढली. अनेक भारतीय कुटुंबे राहतात ते हॅरो उपनगरही त्यात आले. ठरलेल्या मानकात न बसणाऱ्या मोटारीस दिवसाला साडेबारा पौंड पडतात. नाका नाही, पावती फाडणारा माणूस नाही. कॅमेरा क्रमांकाची पाटी वाचतो आणि नोंदणीच्या दप्तराशी ताडून पाहतो. शुल्क मुदतीत न भरल्यास १८० पौंड दंड होतो. तो १४ दिवसांत भरल्यास निम्मा होतो.

याला विरोधही झाला. हॅरोसह पाच स्थानिक परिषदा उच्च न्यायालयात गेल्या. जुलै २०२३ मध्ये त्यांची मागणी फेटाळली गेली. दुसऱ्या बाजूला, लंडनमधील नऊ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूस हवेचे प्रदूषण कारणीभूत ठरल्याचा निष्कर्ष कोरोनरने डिसेंबर २०२० मध्ये नोंदवला होता. धुराची किंमत कोणीतरी मोजतच असते, ती गाडीच्या मालकाच्या वहीत दिसत नाही एवढेच.

आपल्या देशात याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था दिल्लीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०१५ पासून दिल्लीत शिरणाऱ्या व्यापारी मालवाहनांवर पर्यावरण भरपाई शुल्क आले. आरंभी हलक्या व दोन आसांच्या वाहनांस ७०० रुपये, तर तीन व अधिक आसांच्या वाहनांस १,३०० रुपये दर होता. त्याच वर्षी डिसेंबरात तो दुप्पट झाला. हाच १,४०० रुपयांचा दर शहापूरच्या पिकअपला लागला असे क्षणभर मानू. आठवड्यास तीन खेपा आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले, तर वर्षाला २ लाख १० हजार रुपये होतात. किरकोळ नफ्यावर चालणाऱ्या धंद्यास हा बोजा पेलणारा नाही.

मुंबईत आजवर धुरावर आधारित प्रवेशशुल्क लागू झालेले नाही. उलट १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. तथापि वारा दुसऱ्या दिशेनेही वाहतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डिझेल व पेट्रोलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करणे शक्य आहे का, हा प्रश्न उपस्थित केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने अभ्यासासाठी समिती नेमली. तेव्हा येणाऱ्या दिवसांसाठी आपली वही आजच मांडलेली बरी.

त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आरसी बुकातील नोंद. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या वाहनांना बीएस-६ मानक बंधनकारक आहे. त्यापूर्वीच्या बहुतेक गाड्या बीएस-४ किंवा त्याहून जुन्या मानकाच्या आहेत. जुनी गाडी विकत घेताना केवळ किंमत न पाहता हे मानक पाहावे, कारण निर्बंध येतील तेव्हा प्रथम याच गाड्यांवर येतील आणि त्यांचा पुनर्विक्रीचा भाव उतरेल. दुसरी, पीयूसी प्रमाणपत्र. बीएस-४ व बीएस-६ वाहनांस ते वर्षातून एकदा, त्यापूर्वीच्या वाहनांस सहा महिन्यांनी घ्यावे लागते. कायद्यात यासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तिसरी, मोडीचा पर्याय. नोंदणीकृत केंद्रात जुने वाहन मोडीत दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या वाहनाच्या करात सवलत मिळू शकते. भंगारवाल्यास गाडी देणाऱ्यास हा लाभ मिळत नाही.

कर्ज काढून नवी गाडी घेणे प्रत्येकास शक्य नाही, हेही तितकेच खरे. अशा वेळी दोन-तीन दुकानदारांनी एकत्र माल मागवावा. दोन अर्ध्या भरलेल्या गाड्यांऐवजी एक पूर्ण भरलेली गाडी गेली, तर डिझेल आज वाचते आणि उद्याचे संभाव्य शुल्कही विभागले जाते. गाडी चालवणारा आणि माल उतरवणारा हमाल तोच धूर दिवसभर श्वासात घेतात, हा लाभ त्यांच्याही पदरी पडेल. नियम येण्याची वाट पाहून नव्हे, तर पुढील गाडी खरेदीच्या वेळीच हा विचार झाला, तर भांडवल सुरक्षित राहील.