जुनी मियाटा घरी नव्याने उभी करताना

माझ्दाने 1989 मध्ये आणलेली एमएक्स-5, म्हणजे अमेरिकेतली मियाटा, ही घरच्या गॅरेजात खोलायला सर्वांत सोयीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे, असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीच्या गाड्यांचं 1.6 लिटरचं इंजिन साधं आहे आणि सुटे भागही अजून मिळतात.

तिचा खरा शत्रू पाणी. कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली उतरतं. त्यांत पालापाचोळा अडकला की ते दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग चकचकीतच दिसतो. म्हणून गाडी घेताना मागच्या चाकापुढचा भाग दाबून बघा. तो सडला असेल तर कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. पुट्टी लावून फसवणूक होते, दुरुस्ती नव्हे.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कळत नसेल तर तो आधी बदला. सोबत वॉटर पंपही.

टर्बोचा मोह नंतर. आधी सस्पेन्शनचे रबरी बुश, शॉक अब्सॉर्बर आणि टायर नवे करा, गाडीची चाल तिथेच सुधारते. टप बदलायचाच असेल तर मागे प्लास्टिकऐवजी काचेची खिडकी असलेला घ्या. प्लास्टिक धुरकट होतं, घडीवर चिरतं.