बंडखोर शैली रूढ झाल्यावर

रूढीविरुद्ध उभी राहिलेली शैली स्वतःच रूढ झाली, म्हणजे तिचा अस्सलपणा टिकतो काय, हा प्रश्न वाङ्मयचर्चेत वारंवार उपस्थित होतो. सामान्यतः त्याचे उत्तर नकारार्थी दिले जाते : बंड मान्य झाले की ते बंड उरत नाही. हे उत्तर सयुक्तिक दिसते. परंतु 'अस्सलपणा' या एकाच नावाखाली येथे दोन निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. १९६० नंतरच्या मराठी वाङ्मयातील दोन उदाहरणे घेऊन त्या वेगळ्या करून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिली गोष्ट म्हणजे विरोध. हाव्रानेक व मुकार्झोव्स्की या प्राग संप्रदायातील अभ्यासकांनी १९३२ मध्ये असे प्रतिपादन केले की, भाषेतील रूपे सरावाने यांत्रिक बनतात व त्यांच्याकडे आपले लक्ष जाईनासे होते. काव्यभाषा या सरावास धक्का देऊन रूपच पुढे आणते. हा धक्का रूपाचा अंगभूत गुण नव्हे. भोवतालच्या रूढ रूपांशी असलेल्या विरोधातून तो उत्पन्न होतो, आणि विरोध मावळला की तोही मावळतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीतील 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द पाहावेत. दोन्ही शब्द मुळात विवेचक, औपचारिक गद्यातले. पांडुरंग सांगवीकर ते अशा जागी योजतो की, जेथे उदाहरणाची वा यादीची काहीच गरज नसते. त्यामुळे शिष्ट गद्याचा गंभीर आव पोकळ ठरतो. पुढे या लकबीचे इतके अनुकरण झाले की, नवख्या लेखकाच्या गद्यात ती केवळ 'कोसला' वाचल्याची खूण होऊन राहिली. शब्द तेच होते, पण ज्या आवाची थट्टा करावयाची, तो समोर नव्हता. नेमाडे यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. परंतु लकबीची धार गेली ती सन्मानामुळे नव्हे. अनुकरणाने ती आधीच बोथट केली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्देश. शब्द जसा अर्थ सांगतो, तसाच तो बोलणाऱ्याच्या स्थानाकडेही बोट दाखवितो : तो कोठला, कोणाचा, कोणत्या व्यवहारातला. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा' (१९७२) या संग्रहाचे नावच मुंबईच्या कामाठीपुरा भागातील एका वस्तीचे आहे. संग्रहास विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे, आणि त्यातील कित्येक शब्द आपणांस अनोळखी असल्याचे तीत त्यांनी मोकळेपणाने नोंदविले आहे. हेच शब्द त्या वस्तीत मात्र रोजच्या वापरातले होते. म्हणजे येथील नवलाई शब्दांत नव्हती. वाचक आणि वस्ती यांच्यामधील अंतरात होती. ढसाळ यांना १९९९ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची कविता विद्यापीठीय वर्गांत अभ्यासली जाऊ लागली, शब्दांना टिपा जोडल्या गेल्या. पहिल्या वाचनाचा धक्का त्यामुळे ओसरला असेल. परंतु ते अंतर जोवर कायम आहे, तोवर त्या अंतराकडे दाखविलेले बोटही खोटे ठरत नाही. खोटा ठरतो तो अंतराशी काही संबंध नसताना ते शब्द अंगावर दागिन्यासारखे घालणारा अनुकारक.

तात्पर्य, विरोधावर जगणारी शैली प्रसाराने झिजते. निर्देशावर जगणारी शैली, ज्या स्थितीकडे ती निर्देश करते ती स्थिती टिकून असेतोवर, झिजत नाही. बहुतेक शैलींत ही दोन्ही अंगे मिसळलेली असल्यामुळे मूळ प्रश्नास सरसकट उत्तर देता येत नाही.

या विवेचनाचा आपल्या अध्यापनाशी निकटचा संबंध आहे. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी 'असं केलं' यांसारखी बोलण्यातील रूपे पात्राच्या तोंडी मान्य केली, इतरत्र 'असे केले' हेच लिहावे असे ठरविले. बोलीला असा प्रवेश मिळाला, परंतु अवतरणचिन्हांच्या आत. पदव्युत्तर वर्गात आजही स्थूलमानाने हीच व्यवस्था चालते. कवितेतील 'पानी' या रूपाचे सौंदर्य आपण उलगडून दाखवितो, आणि तेच रूप विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत आले की त्याखाली रेघ ओढतो. शास्त्रीय लेखनास सामाईक प्रमाणरूप हवे, हे मान्यच आहे. तथापि प्रमाणरूपाचा अपुरा सराव आणि विचाराची उणीव या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीचे गुण दुसरीच्या नावाने कापणे भाषाशास्त्राच्या दृष्टीने असमर्थनीय आहे. शैलीला पाठ्यपुस्तकात जागा देणे सोपे असते. ती ज्यांची मातृबोली आहे, त्यांना त्याच वर्गात न संकोचता बोलता येते किंवा नाही, यावरून त्या मान्यतेची परीक्षा करावी. आणि ही परीक्षा कवीची नसून आपली, अध्यापकांची आहे.