मोरीचं पाणी आणि कुंडीतली माती

डोंबिवलीत उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की आम्हा बाल्कनीवाल्यांचं लक्ष वॉशिंग मशीनच्या पाइपाकडे जातं. मीही दोन उन्हाळे तेच पाणी जास्वंदीला घातलं. तिसऱ्या वर्षी कुंडीच्या कडेला पांढरी पुटं, पानांच्या कडा करपलेल्या आणि पाणी घातलं की वरच तळं!

खोडी सोडियमची. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियम कार्बोनेट. मातीचे कण बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतं. मग चिकणमातीचे कण सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात आणि माती दगडासारखी आवळते. सोड्यामुळे सामू (pH) वाढला की मातीत असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात.

मग आजीच्या परसात मोरीच्याच पाण्यावर अळू, केळ, कर्दळ कशी माजायची? एक तर तेव्हा डिटर्जंट नव्हता, शिकेकाई होती. दुसरं, आपल्याकडचा पाऊस! ठाणे-कल्याण पट्ट्यात वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि जमिनीतले क्षार धुऊन नेतो. छपराखालच्या कुंडीला तो कुठला?

आता मी शेवटी कपडे खळबळलेलं पाणीच घेते, तेही साध्या पाण्याशी आलटून पालटून आणि साठवून न ठेवता, त्याच दिवशी. कोथिंबीर-पालकाला अजिबात नाही, या पाण्यात जंतू असू शकतात. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी मात्र बिनधास्त घाला. आणि जुलैत कुंड्या आठवडाभर गच्चीवर नेऊन ठेवा, तळाची भोकं मोकळी करून.